नमुना पाहिल्याशिवाय सौदा नको : ‘मर्दानी हार्मोन’चा फोनवरचा बाजार आणि रक्ताची चाचणी

या पानावर सूत, कातडे, आंबा, अत्तर, भंगार अशा मालाच्या भावाची चर्चा चालते. मग आज औषधाचा विषय येथे कसा, असे काही वाचक विचारतील. आमचे उत्तर एवढेच की, ज्या वस्तूबद्दल लिहीत आहोत तिचाही आता बाजार झाला आहे. त्यात माल आहे, दलाली आहे, जाहिरात आहे आणि नमुना न पाहता पैसे मोजणारे गिऱ्हाईकही आहे. फरक इतकाच की येथे फसलेला माल परत करता येत नाही.

हा माल म्हणजे टेस्टोस्टेरॉन. पुरुषाच्या शरीरात तयार होणारा हार्मोन. अमेरिकेत तो आता फोनवरून मिळतो. जाहिरात पाहायची, प्रश्नावली भरायची, डॉक्टरशी पडद्यावर दहा-पंधरा मिनिटे बोलायचे आणि इंजेक्शनच्या बाटल्या किंवा मलम घरी पोचते. दरमहा ठरलेली रक्कम कार्डावरून वळती होते. याला तिकडे टेलिहेल्थ म्हणतात. थकवा, चिडचिड, वैवाहिक सुखात रस नसणे, पोट सुटणे, या सगळ्यांवर एकच इलाज असल्याचा सूर जाहिरातीत असतो.

आमच्या कानावर हा विषय आला तो वाशीच्या घाऊक फळबाजारातून. तेथे आमच्या परिचयाचे एक आडते आहेत, मूळचे रत्नागिरीकडचे. हापूसचा हंगाम संपल्यावर ते एके दिवशी आमच्याकडे आले, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या आणि मग त्यांनी आवाज खाली करून मोबाईल पुढे केला. त्यांचा मेहुणा, म्हणजे बेगमचा धाकटा भाऊ, न्यू जर्सीत एका गोदामात रात्रपाळी करतो. वय ३६. निकाहला चार वर्षे झाली, मूल नाही. सतत थकवा. फोनवर जाहिरात दिसली म्हणून त्याने एका कंपनीकडे नाव नोंदवले. कंपनीने जवळच्या लॅबमध्ये रक्त द्यायला सांगितले. अहवाल आला २७२. कंपनीने कळवले : आकडा कमी आहे, इंजेक्शन सुरू करू. वडिलांना असली गोष्ट विचारणार कशी? म्हणून त्याने दुल्हाभाईंना विचारले.

आडते म्हणाले, “आम्ही पेटी उघडून, खालच्या थरातला आंबा काढून पाहिल्याशिवाय भाव बोलत नाही. आणि हा मुलगा एका चिठ्ठीवर आयुष्यभराचे इंजेक्शन घ्यायला निघाला आहे. तुम्ही चौकशी करा.”

चौकशी केली ती अशी.

बाजार वाढला कसा

अमेरिकेत टेस्टोस्टेरॉन हे साधे औषध नाही. व्यायामशाळांतून त्याचा गैरवापर वाढल्यावर १९९० मध्ये कायदा करून ते नियंत्रित औषधांच्या तिसऱ्या यादीत घालण्यात आले. पुढे २००१ मध्ये कॅलिफोर्नियातील एक अठरा वर्षांचा मुलगा इंटरनेटवरून मागवलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी दगावला. त्याच्या नावाने २००८ मध्ये जो रायन हाइट कायदा झाला, त्याने डॉक्टरने रोग्याला एकदा तरी समोर बसवून तपासल्याशिवाय नियंत्रित औषध इंटरनेटवरून लिहून देण्यास बंदी घातली. मग २०२० साली कोरोना आला, दवाखाने बंद झाले आणि ही अट शिथिल करण्यात आली. त्यानंतर ही सवलत पुन्हा पुन्हा वाढवली गेली. फोनवरच्या औषधबाजाराला मोकळे मैदान मिळाले ते असे.

पण मागणी त्याआधीच तयार केली गेली होती. २००१ ते २०११ या काळात तेथील चाळिशीपुढच्या पुरुषांत हे औषध घेणाऱ्यांचे प्रमाण ०.८१ टक्क्यांवरून २.९१ टक्क्यांवर गेले. विम्याच्या कागदपत्रांवरून हा हिशेब काढणाऱ्या संशोधकांना आणखी एक गोष्ट दिसली. नव्याने औषध सुरू केलेल्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोकांची आधीच्या वर्षभरात टेस्टोस्टेरॉनची रक्तचाचणी झाल्याची नोंदच नव्हती. चार गिऱ्हाइकांमागे एकाचे वजन न करताच माल दिला, असे म्हणायला हरकत नाही. हे सारे फोनच्या बाजारापूर्वीचे, साध्या दवाखान्यांतले. २०१५ मध्ये तेथील औषध प्रशासनाने कंपन्यांना बजावले की, केवळ वय वाढले म्हणून आकडा उतरला असेल तर त्यासाठी हे औषध मंजूर नाही. अंडकोष, मेंदूतील पिट्युटरी ग्रंथी किंवा तत्सम ठिकाणी प्रत्यक्ष आजार असेल तरच ते मंजूर आहे, आणि तसे वेष्टनावरच्या माहितीत लिहा.

आता त्या बनावट गिऱ्हाइकाची गोष्ट, जी व्यापारी बांधवांना विशेष कळेल. २०२२ च्या अखेरीस ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात काही डॉक्टरांनी एक पाहणी प्रसिद्ध केली. त्यांनी ३४ वर्षांचा एक पुरुष गिऱ्हाईक म्हणून सात ऑनलाइन कंपन्यांकडे पाठवला. त्याने सांगितले की अंगात जोर वाटत नाही, इच्छा कमी झाली आहे. मात्र त्याने दाखवलेला टेस्टोस्टेरॉनचा आकडा होता ६७५, म्हणजे अगदी ठणठणीत. शिवाय पुढे मुले हवी आहेत, असेही त्याने स्पष्ट सांगितले. सातपैकी सहा कंपन्यांनी त्याला टेस्टोस्टेरॉन देऊ केले.

सातातल्या सहा! ज्याची कोठी भरलेली आहे त्यालाच धान्य विकायला निघाले, आणि तेही असे धान्य की ज्याने त्याचे शेत नापीक होणार. नापीक हा शब्द आम्ही अलंकार म्हणून वापरलेला नाही. त्याकडे पुढे येतोच.

एक गोष्ट येथे प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. फोनवरून डॉक्टरचा सल्ला घेणे वाईट, असे आमचे मत नाही. दूर खेड्यातल्या माणसाला, पाळी सोडता न येणाऱ्या कामगाराला त्याची सोयच आहे. नीट चाचण्या मागणारे आणि गरज नसल्यास ‘नाही’ म्हणणारे डॉक्टर फोनवरही आहेत. अडचण आहे ती व्यवहाराच्या रचनेत. जो तपासतो तोच विकतो आणि विकले तरच त्याला दरमहा उत्पन्न मिळते, तेथे तराजू कोणत्या बाजूला झुकणार हे व्यापाऱ्याला शिकवावे लागत नाही.

एका आकड्यावर का विसंबू नये

आता मुद्द्याची गोष्ट. टेस्टोस्टेरॉनचा आकडा म्हणजे सोन्याचा कस नव्हे, की कधीही घासा, तेवढाच येईल. तो बाजारभावासारखा दिवसभर वरखाली होतो. झोपेतून उठल्यावर सकाळी तो सर्वांत जास्त असतो आणि दुपारनंतर उतरतो. तरुणांत हा उतार जास्त असतो. खाण्यानेही उतरतो, पोटात साखर गेली की थोड्या वेळात आकडा खाली येतो. ताप, मोठे आजारपण, ऑपरेशन यांत तो तात्पुरता पडतो. अफूवर्गातली वेदनाशामके आणि दम्या-संधिवातासाठी दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स यांनीही तो पडतो.

झोपेचे तर विचारूच नका. २०११ मध्ये शिकागोत दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिले, तर त्यांचा दिवसाचा टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी घसरला. एका आठवड्यात. आमचे भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे वाचक बारा-बारा तासांच्या पाळ्या वर्षानुवर्षे करतात. त्यांनी हे लक्षात ठेवावे.

म्हणूनच अमेरिकेतील हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले आहे की, रक्त सकाळी, उपाशीपोटी घ्यावे आणि आकडा कमी आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यावे. दोन्ही वेळा कमी आला आणि लक्षणेही असली, तरच निदान करावे. मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही त्याच वर्षी दोन सकाळच्या चाचण्या सांगितल्या आणि ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर ही खालची मर्यादा धरली. लक्षणे नुसती असून चालत नाही, आकडाही नुसता असून चालत नाही; दोन्ही हवेत.

आडत्यांच्या मेहुण्याचे काय झाले होते ते आता पाहा. त्याने रक्त दिले सकाळी साडेआठ वाजता. कागदावर ‘सकाळचा नमुना’ म्हणून नोंद झाली. पण तो रात्रभर गोदामात उभा राहून, येता येता कॉफी आणि डोनट खाऊन लॅबमध्ये गेला होता. घड्याळात सकाळ होती, त्याच्या शरीरात दिवस मावळत होता. रात्रपाळी करणाऱ्याने काय करावे? पुरेशी झोप काढून उठल्यानंतर दोन-तीन तासांच्या आत रक्त द्यावे. शक्य असेल तर आठवडाभर रजा घेऊन, रात्रीची झोप बसल्यावर द्यावे. आणि आपण रात्रपाळीत आहोत हे डॉक्टरला सांगावे. फोनच्या प्रश्नावलीत हा रकाना असतोच असे नाही. मेहुण्याला तरी तो कोणी विचारला नव्हता.

रमजानबद्दलही याच ओघात लिहितो. रोजे, तरावीह, सहरी यांनी झोपेचे तुकडे होतात. सकाळी आठला लॅबमध्ये गेलो तरी सहरी पोटात असते, म्हणजे तो उपाशीपोटीचा नमुनाही नव्हे. तातडी नसेल तर ही चाचणी ईदनंतर दोन-तीन आठवड्यांनी, दिनक्रम पूर्ववत झाल्यावर करावी, असे आम्हाला वाटते. रक्त तपासायला दिल्याने रोजा मोडत नाही असे बहुतेक उलमा सांगतात, तेव्हा अडचण रोज्याची नाही, आकड्याच्या खरेपणाची आहे.

आणखी एक घोटाळा मापाचा. सराफाकडे तोळा आणि ग्रॅम यांची गल्लत केली तर काय होईल? तशीच गल्लत येथे होते. अमेरिकेत नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर हे माप चालते. आपल्याकडे काही लॅब तेच देतात, काही नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर देतात आणि इतरत्र नॅनोमोल प्रति लिटर चालते. तिकडचा ३०० म्हणजे दुसऱ्या मापात ३ आणि तिसऱ्यात सुमारे १०.४. एखाद्याने आपला ‘४.२’ आकडा अमेरिकन जाहिरातीतल्या ३०० शी ताडून पाहिला तर त्याला घामच फुटेल. प्रत्यक्षात तो ४२० असतो. गल्फमध्ये राहणाऱ्या बांधवांनी एक अहवाल तिकडचा, एक इकडचा असे ताडून पाहताना आधी माप वाचावे. दोन्ही नमुने एकाच लॅबमध्ये द्यावेत हे उत्तम, कारण लॅबच्या पद्धतीनुसारही आकड्यात फरक पडतो.

केस वाढण्यासाठी बायोटिनच्या गोळ्या घेणारे आता पुष्कळ आहेत. जास्त मात्रेतले बायोटिन काही यंत्रांवरच्या चाचण्यांत ढवळाढवळ करते. कोणता आकडा खोटाच वाढवते, कोणता खोटाच उतरवते. गोळी चालू असेल तर लॅबला आणि डॉक्टरला सांगा. काही दिवस बंद ठेवायला सांगतील.

पोट सुटलेल्या आणि साखरेचा आजार असलेल्या माणसाची बात थोडी वेगळी. रक्तातला बहुतेक टेस्टोस्टेरॉन काही प्रथिनांना चिकटलेला असतो, मोकळा असतो तो जेमतेम दोन टक्के. लठ्ठपणा आणि मधुमेहात त्यातले एक प्रथिन कमी होते, त्यामुळे एकूण आकडा कमी दिसतो, पण मोकळा भाग पुरेसा असू शकतो. अशा वेळी ते प्रथिन (एसएचबीजी) आणि मोकळा टेस्टोस्टेरॉन पाहावा लागतो. गादीवर दिवसभर बसणाऱ्या आमच्या व्यापारी बांधवांत हे दोन्ही आजार किती आहेत ते सांगायला नको. वजन उतरले की हा आकडा अनेकांत आपोआप वर येतो. आणि थकव्याचे कारण शोधायचेच तर साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड या साध्या चाचण्या आधी कराव्यात. घोरण्याचा आणि झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असेल तर तेही सांगावे. तो त्रास गंभीर असून त्यावर उपचार चालू नसतील तर टेस्टोस्टेरॉन सुरू करू नये असेच तज्ज्ञ सांगतात.

सुरू करण्यापूर्वी आणखी काय तपासायचे

समजा, दोन्ही आकडे खरोखर कमी आले. तरी लगेच सुई टोचायची नाही. आधी ‘का’ हा प्रश्न. त्यासाठी एलएच आणि एफएसएच हे दोन हार्मोन तपासतात. ते मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीतून निघतात आणि अंडकोषांना कामाचा हुकूम देतात. हुकूम जोरात आणि उत्पादन कमी, तर दोष कारखान्यात. हुकूमच कमी, तर दोष मालकाच्या गादीवर, म्हणजे पिट्युटरीत. दुसऱ्या प्रकारात प्रोलॅक्टिन, रक्तातले लोह आणि गरज पडल्यास मेंदूचा एमआरआय करावा लागतो, कारण कधी कधी तेथे गाठ सापडते. टेस्टोस्टेरॉन देऊन थकवा गेला आणि गाठ तशीच राहिली, तर त्या इलाजाला काय म्हणायचे?

मग हिमॅटोक्रिट. रक्तात तांबड्या पेशींचा भाग किती टक्के आहे, तो आकडा. टेस्टोस्टेरॉनने तांबड्या पेशी वाढतात, रक्त दाट होते. हार्मोनतज्ज्ञांच्या सूचनेप्रमाणे हा आकडा आधीच ४८ च्या वर असेल तर औषध सुरू करू नये, आणि उपचार चालू असताना ५४ च्या वर गेला तर थांबवावे. विड्या-सिगारेट ओढणाऱ्यांत तो मुळातच चढा असू शकतो. रक्त दाट झालेच तर हिजामा करून घेऊ, असे म्हणणारे आम्हाला भेटले आहेत. हिजामाबद्दल आमचा अनादर नाही, पण त्यात निघालेल्या रक्ताचा काही हिशेब नसतो. येथे आकडा पाहून औषधाची मात्रा डॉक्टरनेच कमी करायची असते.

चाळिशीपुढच्यांसाठी पीएसए ही प्रोस्टेट ग्रंथीची चाचणी. तो आकडा ४ च्या वर असला, किंवा घरात वडील-भावाला प्रोस्टेटचा कर्करोग झाला असताना ३ च्या वर असला, तर आधी मूत्ररोगतज्ज्ञाला दाखवावे. गेल्या सहा महिन्यांत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झाला असेल तर औषध सुरू करू नये.

याचा अर्थ हे औषधच विष आहे, असे नव्हे. ज्यांच्या अंडकोषात जन्मतः दोष आहे, ज्यांची पिट्युटरी निकामी झाली, अशांना ते नवे आयुष्य देते. २०२३ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचा निकाल आला. हृदयविकार असलेले किंवा त्याचा धोका असलेले पाच हजारांहून अधिक पुरुष तीत होते. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांत झटके, पक्षाघात आणि हृदयविकाराचे मृत्यू जास्त झाल्याचे दिसले नाही. मात्र हृदयाचे ठोके अनियमित होणे आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकणे हे प्रकार अधिक दिसले. जाहिरातवाले या निकालाचा पहिला अर्धा भाग सांगतात. त्यांनी न सांगितलेली आणखी एक गोष्ट अशी की, त्या चाचणीत घेतलेल्या प्रत्येक पुरुषाचा आकडा वेगवेगळ्या वेळी उपाशीपोटी दोनदा तपासून ३०० च्या खाली असल्याची खात्री केली होती. तो निकाल तशा लोकांना लागू, ६७५ वाल्यांना नव्हे.

ज्यांना मूल हवे आहे

आता नापीक शेताकडे येतो. आमच्या मते या साऱ्या प्रकरणात सर्वांत मोठा धोका येथेच आहे, आणि सर्वांत कमी सांगितला जाणाराही हाच.

बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागले की पिट्युटरी समजते, गोदाम भरले आहे. ती एलएच, एफएसएचचे हुकूम बंद करते. हुकूम बंद म्हणजे कारखाना बंद. आणि त्या कारखान्यात टेस्टोस्टेरॉनबरोबर शुक्राणूही तयार होतात. अंगात ताकद वाटते, दाढी दाट होते, आणि वीर्यातले शुक्राणू मात्र संपत जातात. माणसाला वाटते आपली मर्दानगी वाढली.

हा केवळ तर्क नाही. जागतिक आरोग्य संघटनेने याच गुणाचा उपयोग पुरुषांसाठी संततिनियमनाचे साधन म्हणून होतो का, ते पाहिले होते. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात सात देशांतील २७१ निरोगी पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन दिले. सहा महिन्यांत १५७ जणांच्या वीर्यात शुक्राणू शून्यावर आले. त्यांनी पुढे वर्षभर दुसरे कोणतेही साधन न वापरता संसार केला आणि एकच गर्भधारणा झाली. म्हणजे जे औषध संततिनियमनासाठी पारखले गेले, तेच आज मूल हवे असलेल्याला विकले जात आहे! औषध बंद केल्यावर बहुतेकांचे शुक्राणू परत येतात, पण त्याला काही महिने, कधी वर्ष किंवा त्याहून अधिक लागते. बायकोचे वय पस्तिशीकडे झुकले असेल तर ते वर्ष कोठून आणायचे?

मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेची सूचना स्पष्ट आहे की, मुलासाठी प्रयत्न चालू असलेल्या पुरुषाला टेस्टोस्टेरॉन देऊ नये. ज्याला नजीकच्या काळात मूल हवे आहे त्याने आधी वीर्यतपासणी करावी. आकडा खरोखर कमी असेल तर अंडकोषांना जागे करणारी वेगळी औषधे डॉक्टर देऊ शकतात. आमच्या घरांत मूल होत नाही म्हटले की बोट बहुतेक सुनेकडे जाते. पुरुषाची तपासणी ही लाज नव्हे, अर्धा हिशेब आहे.

आपल्याकडचा मामला

भारतात टेस्टोस्टेरॉन शेड्यूल एच मध्ये मोडते; डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई आहे. तरी व्यायामशाळांच्या आसपास ते कसे मिळते, हे तेथे जाणाऱ्या तरुणांना ठाऊक आहे. तेथे तर चाचणीचा प्रश्नच येत नाही. केंद्र सरकारने मार्च २०२० मध्ये टेलिमेडिसीनचे नियम जाहीर केले. त्यानुसार सल्ला नोंदणीकृत डॉक्टरनेच द्यायचा, चिठ्ठीवर त्याचा नोंदणी क्रमांक हवा, आणि यंत्राच्या बुद्धीने चालणाऱ्या कार्यक्रमाने स्वतः औषध लिहून द्यायचे नाही. प्रत्यक्ष तपासणी हवी असे वाटले तर डॉक्टरने रोग्याला तसे सांगायचे. तेव्हा फोनवर ‘हेल्थ एक्स्पर्ट’ म्हणवणारा कोणी बोलू लागला, तर पहिला प्रश्न नोंदणी क्रमांकाचा विचारा. बिल्टी पाहिल्याशिवाय माल उतरवून घेत नाही, तसेच.

लॅब निवडताना अहवालावर एनएबीएलची मान्यता आहे का पाहा. घरी येऊन रक्त नेणाऱ्याला वेळ पक्की विचारा. सकाळी सातची वेळ देऊन साडेअकराला येणारे आहेत. अशा वेळी नमुना देऊ नका, दुसऱ्या दिवशी बोलवा. अहवाल कंपनीकडेच न ठेवता स्वतःची प्रत घ्या, आणि तो औषध न विकणाऱ्या एखाद्या डॉक्टरला दाखवा. दोन-तीन चाचण्यांचा आणि एका सल्ल्याचा खर्च होईल. वर्षानुवर्षांच्या औषधापुढे तो किती, हा हिशेब गादीवर बसणाऱ्याला आम्ही काय सांगावा.

आडत्यांच्या मेहुण्याने कंपनीला थांबायला सांगितले. दोन दिवस त्यांचे फोन येत राहिले, सवलतही देऊ केली गेली. त्याने दहा दिवस रजा काढली, रात्री झोपला आणि मग आठवड्याच्या अंतराने दोनदा सकाळी उपाशीपोटी रक्त दिले. आकडे आले ४१८ आणि ३९५. साखर मात्र हद्दीवर निघाली. वीर्यतपासणीत शुक्राणू आहेत, पण कमी. आता मियाँ-बीवी दोघेही तेथल्या एका रुग्णालयात जातात, आणि त्याने गोदामात दिवसपाळीसाठी अर्ज केला आहे. तो अद्याप मंजूर झालेला नाही.